साळ्याची गिटार अन् आमची ट्यूबलाइट

आमच्या साळ्याइतका कानाचा कटकट्या माणूस देवानं दुसरा घडवला नाही, आणि चुकून घडवला असेल तर तो नागपूर जिल्ह्यात तरी राहत नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. साळा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, खाप्याचा, विणकराच्या घरचा. दिवसा हातमागाच्या लुगड्यांचे गठ्ठे घेऊन नागपूरच्या दुकानांत हिंडायचं आणि लग्नसराईत, गणपतीत ऑर्केस्ट्रात विजेची गिटार वाजवायची, असं त्याचं दुहेरी आयुष्य. माझ्या बायकोनं आपल्या हातानं शिवलेल्या वाकळीत ती गिटार गुंडाळून तो एस.टी.त चढायचा. कंडक्टरनं विचारलं, हे काय आहे गा, तर सांगायचा, "पेशंट आहे, धक्का नका मारू." अन् कंडक्टर बाजूला सरकायचा.

माठ घ्यायला गेला की सगळे माठ टिचक्या मारून ऐकायचा. कोणता 'सा'त बोलतो, कोणता बेसूर आहे, हे ऐकल्याशिवाय हात खिशात जायचा नाही. एकदा कुंभारीण वैतागून म्हणाली, "भाऊ, यातलं पाणी प्यायचं हाय का भजन करायचं हाय?" त्याचं लग्न ठरलं तेही असंच. आम्ही सात जण मुलगी पाहायला गेलो. पोहे आले, मुलगी आली, नाव-गाव विचारून झालं, आणि या माणसाचं लक्ष दाराकडे. दार कुरकुरत होतं. शेवटी उठला आणि होणाऱ्या सासऱ्याला म्हणाला, "मामाजी, वाटीभर तेल द्या ना." बिजागरीत तेल सोडलं, दार चारदा उघडून मिटून ऐकलं, परत येऊन बसला आणि म्हणाला, "मुलगी पसंत आहे." मला तर जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. पण त्या म्हाताऱ्यानं तिथल्या तिथं होकार दिला. म्हणे, असा जावई घर सांभाळून ठेवील. सांभाळलंही. मच्छर मात्र मारू द्यायचा नाही. म्हणजे सगळेच नाही. बेसूर असेल तो मारायचा. एखादा कानाशी गुणगुणला की हात वर करून आम्हाला थांबवायचा. "राहू द्या भाऊजी, सुरात आहे." मग तो सुरातला मच्छर रात्रभर आमचं रक्त प्यायचा.

माझ्या धंद्याची त्याला फार कदर होती, कारण माझा धंदाही आवाजाचाच. जरीपटक्याच्या बाजारात माझं दुकान, पंख्यांच्या आणि कूलरच्या मोटरा नव्यानं गुंडाळून द्यायच्या, वाइंडिंग म्हणतात ते. जळालेली तांब्याची तार काढायची, नवी वेढे मोजून भरायची. हा दुकानात आला की गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा, "तुमचा पंखा रडून राहिला." आणि पंखा खोलला की खरंच बेअरिंग गेलेलं असायचं.

खाप्यात तेव्हा लाइन टिकायची नाही, म्हणून त्याचा रियाज रविवारी संध्याकाळी आमच्या घरी. गिटार भोंग्याला जोडली की भोंग्यातून भुंऽऽ असा आवाज निघायचा, आणि आमच्या घरातली ट्यूबलाइट लागलेली असली की तो दुप्पट व्हायचा. मग हा ओरडायचा, "बाई, ट्यूब बंद कर वं!" बहिणीला तो बाई म्हणायचा. ती बिचारी ट्यूब मालवून स्टोच्या उजेडात भाकरी थापायची. आतून म्हणायची, "माझे डोळे फुटले तं फुटले, पण भाकर करपली तं तूच खाजो गा." भाकर करपायची, आणि तोच खायचा. बारा वर्षं हे असं चाललं. तशी अर्धी भुणभुण तरीही उरायचीच. ती तो चेहरा वाकडा करून सोसायचा, जसा माणूस दुखती दाढ सोसतो.

आता त्या भुणभुणीचं मूळ सांगतो. विजेच्या गिटारीला तारांखाली दोन चपट्या डब्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. डबीत लोहचुंबकाची एक पट्टी, आणि वर केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची तार हलली की डबीला कळतं आणि डबी भोंग्याला सांगते. बारा वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात त्याच्या दोन्ही डब्या मेल्या. दुकानातल्या नव्या पाहिल्या, पण एकही त्याच्या कानाला उतरेना. मग माझ्याकडे आला. "भाऊजी, तुमी एवढ्या मोटरा गुंडाळता, या दोन गुंडाळा."

गुंडाळायला बसलो. माझी बोटं मोटरच्या जाड तारेची. पहिली डबी भरेपर्यंत तार अकरा वेळा तुटली, आणि मी तोंडानं काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बायको दारातून बघत होती. म्हणाली, "सरका तिकडे." विणकराची पोर ती. लहानपणापासून बापाच्या मागासाठी रहाटावर सुताच्या कांड्या भरलेल्या. सूत तुटायच्या आधी तिच्या बोटांना कळायचं. तिनं दुसरी डबी एका बैठकीत भरली. तार एकदाही तुटली नाही. फक्त एक गोष्ट झाली. ती डावरी होती. माझे वेढे उजवीकडे गेले होते, तिचे डावीकडे.

साळ्यानं वाजवून पाहिलं. एकेक डबी वेगळी ठीक बोलली. दोन्ही एकत्र लावल्या तर गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं, पोकळ. तो म्हणाला, "भुणभुण गेली भाऊजी, पण तिच्या संगं गाणंही गेलं." मी डबी पाहिली आणि बायकोवर खेकसलो, "उलटं गुंडाळलं वं तू! डावऱ्या हाताचा हाच तरास हाय." ती म्हणाली, "मंग सुलटं करून घ्या ना. मालक आहात तुमी." मी केलं. आमच्या धंद्यात वेढे उलटे पडले तर उकलायची गरज नसते, तारेची दोन टोकं अदलाबदल करून जोडायची. तशी जोडली. गाणं परत आलं, भुणभुणही परत आली, आणि मी मिशीवर हात फिरवला. बायकोनं तारेच्या डब्याला झाकण लावलं. त्यानंतर माझ्या कुठल्याही तारेला तिनं हात लावला नाही. मीही विचारलं नाही.

तिला जाऊन आता नऊ महिने झाले. या उन्हाळ्यात साळा आला तोच पडलेल्या तोंडानं. ऑर्केस्ट्राच्या मालकानं नवा मोठा भोंगा आणला होता. त्यात गिटारची भुणभुण दारात ट्रक चालू ठेवल्यासारखी ऐकू यायची. मालक म्हणाला होता, "शनिवारच्या आत डब्या बदल, नाही तं मी माणूस बदलतो." पंधरा वर्षं या माणसानं ज्या खुर्चीवर बसून वाजवलं, ती खुर्ची जाणार होती. त्यानं तीन नव्या डब्या गोळा केल्या होत्या. एक इथल्या दुकानातली, एक कलकत्त्याची, एक कोणाच्या तरी भाच्यानं आखातातून आणलेली जपानी. माझ्या खाटेवर ओळीनं मांडल्या आणि दुपारभर एकेक जोडून ऐकवत बसला. "ही सर्दी झाल्यावानी बोलते." "ही तहसीलदार हाय, समोरच्याले बोलूच देत नाई." जपानी मात्र दोनदा ऐकली. मग म्हणाला, "हिच्यात खोट नाई. न्हाव्याकडून आलेल्या नवरदेवावानी चेहरा आहे. काय करू भाऊजी, हीच लावू?"

"लाव," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

गिटारची पाटी मीच खोलली. आत दोन डब्या. माझी, घाईत बांधलेल्या फेट्यासारखी, कुठं फुगलेली, कुठं बसलेली. आणि शेजारी तिची. वेढ्याला वेढा लागलेला, भरलेल्या कांडीसारखी गोल, गुळगुळीत. तिच्या हातचं घरात काय उरलं होतं? वाकळा फाटतात, लोणचं संपतं. माझ्या हातातला पेचकस जागीच थांबला. मी त्याला अडवू शकत नव्हतो, आणि ती डबी उपटून काढायला माझा हात चालत नव्हता. साळा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "घाई नाई भाऊजी. शनिवारले टाइम आहे."

तेव्हा मला त्याचंच जुनं बोलणं आठवलं. भुणभुण गेली, संगं गाणंही गेलं. गेली होती ना तेव्हा? मी चौथी शिकलेला, पण चाळीस वर्षं तार हाताळली आहे. भुणभुण हवेतून येते आणि नुसत्या वेढ्यात शिरते. गाणं येतं ते लोहचुंबकाच्या मार्गानं. माझे वेढे सुलटे, तिचे उलटे, म्हणून दोघांनी भुणभुण आपसात खाऊन टाकली होती. मी शहाणा, गाणं सुधारायला टोकं बदलली आणि मेलेली भुणभुण उठवून बसवली. टोकं तिनं ठेवली होती तशीच ठेवायची होती, आणि उलटायची होती ती फक्त खालची चुंबकाची पट्टी.

दहा मिनिटांचं काम. टोकं तिच्यासारखी जोडली, पट्टी सरकवून काढली, उलटून घातली. साळ्यानं दोन्ही डब्या एकत्र लावल्या, भोंग्याचा आवाज पूर्ण उघडला आणि तारांवर बोटं फिरवली. आवाज भरून आला, गोल, पोटातून. त्यानं तारांवर तळवा ठेवला. काहीच नाही. तो वाकून भोंग्याचा लाल दिवा बघून आला. दिवा चालू होता. तरीही काहीच नाही. "मेली ना भाऊजी!" तो म्हणाला, आणि वेड्यासारखा हसत सुटला. बारा वर्षांची दाढ निघाल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. माझाही झाला असेल. तिची माफी मागायची वेळ तर गेली, पण चूक कोणाची होती ते तरी कळलं. छातीवरचं ओझं उतरलं.

शनिवारचं सांगून टाकतो. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मालक दोनदा मागं येऊन बघून गेला म्हणे, गिटार जोडली आहे का नाही. खुर्ची राहिली. जपानी डबी भाच्याला परत गेली.

पण डब्या जोडल्या त्या संध्याकाळी अंधारून आलं होतं. ट्यूब लागल्यावर भुणभुण उठते का, हे साळ्याला तपासून पाहायचं होतं, आणि सवयीनं तो स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "बाई, लाव वं ट्यूब!"



मी उठलो, आत गेलो, बटन दाबलं. ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लागली. ओटा, तवा, परात, सगळं लख्ख दिसलं. बाहेर भोंगा पूर्ण उघडा होता, आणि त्यातून इवलासाही आवाज येत नव्हता. मी तसाच ऐकत उभा राहिलो.

थोड्या वेळानं तो दारात आला. बाह्या वर केलेल्या.

"पीठ कुठं ठेवता भाऊजी? भाकर मी टाकतो. करपली तं तुमी खाजा."

करपलीच. दोघांनी खाल्ली.