अण्णा आणि पहिलं बटण

अण्णा कुठल्याही प्रोग्राममधलं पहिलं बटण स्वतः ठेवत नसत. जो माणूस तो वापरणार, त्याला शेजारी बसवून त्याच्या हातात माऊस देत. आमच्या कारखान्याचं स्टोअर सांभाळणाऱ्या शारदाक्का माऊसला हात लावायला घाबरल्या, तेव्हा म्हणाले, "तुम्हीच ठेवा अक्का. रोज तुम्हाला दाबायचंय, मला नव्हे."

अण्णा निपाणीचे. बेळ्ळंदूरच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या लहान कारखान्यात कॉम्प्युटरचं सगळं तेच बघत, आणि सगळं व्हिज्युअल बेसिकमध्ये. मी नोकरीला लागलो त्याच दुपारी त्यांनी मला ती भाषा दाखवली. पडद्यावर कोरा फॉर्म, त्यावर ओढून आणलेलं बटण, बटणावर दोनदा क्लिक, आत एक ओळ. चालव म्हटलं की चालायचं. लिहिण्यात चूक झाली की ओळ जागच्या जागी लाल.

"पेपर दिला की लगेच निकाल," अण्णा म्हणाले. "नापास झालास तर तिथंच सुधारायचं आणि पुढं जायचं. वर्ष वाया जात नाही बघ."

संध्याकाळी माझा पहिला प्रोग्राम चालत होता. स्टोअरने सकाळी काही मागितलं, तर अण्णा जेवणाच्या सुट्टीपर्यंत देत.

पुढे मी त्यांचा साहेब झालो. मला नवी सिस्टीम आणायची होती. अहवालात मी लिहिलं, ‘ही भाषा जुनी झाली आहे. अण्णांखेरीज कुणालाही हे प्रोग्राम दुरुस्त करता येणार नाहीत.’ पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं खोटं, कारण मला येत होतं. त्या वाक्यावर अण्णांना मुदतीआधी घरी पाठवलं. निरोपाच्या दिवशी मी मुद्दाम बाहेरचं काम काढलं.

नवी सिस्टीम अजून तयार नाही. परवा स्टोअरमध्ये गेलो, तर जुन्याच पडद्यावर एक नवं बटण होतं, परत आलेल्या मालाचं.

"हे कुणी केलं?"

"मीच की," शारदाक्का आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या. "अण्णांचं बघून बघून शिकले. स्वल्प लाल झालं, मग सरी झालं, नीट चाललं."

दहावी झालेल्या बाईला आपल्या कामापुरता प्रोग्राम लिहिता यावा, अशी ती भाषा होती आणि असा तो माणूस होता. अभिमानाने ऊर भरून आला, आणि मान वर होईना. तिथूनच निपाणीला फोन लावला आणि अहवालातलं खोटं अण्णांना सांगून टाकलं.

"ठाऊक होतं," अण्णा म्हणाले. "तुला मीच शिकवलेलं, विसरतोय व्हय?" मग विचारलं, "अक्कांनी बटण कुठं ठेवलंय?"

"डावीकडे, वरच्या कोपऱ्यात."

"कोपऱ्यात कशाला? खाली उजवीकडं..." ते थांबले. "नको. राहू दे तिथंच. त्यांना दाबायचंय."