ग्रहणातला टाका

"गर्भाशयाचं तोंड उघडायला लागलंय," सोनोग्राफीच्या पडद्यावरची नजर न काढता डॉक्टरबाई म्हणाल्या. पाचवा महिना होता. आजाराचं नाव सर्व्हायकल इनकॉम्पिटन्स, म्हणजे गर्भाशयाचं तोंड वेळेआधी सैल पडणं. ऑफिसात कुणी मला इनकॉम्पिटंट म्हटलं असतं तर मी कचाकचा भांडले असते. तिथे नुसती रडले.

रिपोर्टमध्ये सगळीकडे 'फीटस'. 'बेबी' एकदाही नाही. आमचं बाळ जगणार नाही, म्हणून असं लिहिलंय का, मी विचारलं.

"अगं, लॅटिन शब्द आहे," त्या म्हणाल्या. "जन्म देणं, हा अर्थ. जन्मलेलं पिल्लूही फीटस आणि झाडाला धरलेलं फळसुद्धा."

उपाय होता सर्क्लाज, म्हणजे टाका घालून ते तोंड आवळणं. दुसऱ्याच दिवशी. नेमकं सूर्यग्रहण.

माझ्या सासूबाई मालवणकडच्या, मी त्यांना आईच म्हणायचे. ग्रहणात पोटुशीने सुई-कात्री धरायची नाही, खायचं-प्यायचं नाही, पाय दुमडायचे नाहीत, हे त्यांना पाठ. इथे तर सुई माझ्याच अंगात जाणार होती. एक दिवस थांबा, असा त्यांनी धोशा लावला. डॉक्टर म्हणाल्या, तेवढा वेळ नाही. माझा नवरा नितीन दोघींच्या मध्ये पार सँडविच झाला. शेवटी मी चिडून आईंना त्या लॅटिन शब्दाचा अर्थ ऐकवला.

त्यांनी तो पुन्हा एकदा विचारून घेतला. मग म्हणाल्या, "फळ धरलेल्या फांदीक टेको देताना गिराण कोण बघता? घालू दे टाको."

टाका टिकला. पुढचे महिने मी घाटकोपरच्या आमच्या खोलीत आडवी होते. आई पेज भरवायच्या आणि गल्लीतल्या भांडणांच्या बातम्या पुरवायच्या. ते दिवस आता फार आठवतात. मुलगी चौथीत आहे, आई राहिल्या नाहीत. तुमच्यावर अशी वेळ आली तर खुशाल घाबरा, पण विचारा. रिपोर्टमधला शब्द खुपला तर त्याचा अर्थही विचारा.

नितीनने एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा सांगितली. मी आत होते तेव्हा आई बाहेर जमिनीवर बसल्या होत्या, पाय सरळ लांब करून, पाण्याचा घोटही न घेता. येणारे-जाणारे अडखळत होते. सिस्टर म्हणाली, मावशी, पाय जवळ घ्या.

"गिराण सुटल्याबिगर नाय," आई म्हणाल्या. "सून आत आसा. तिच्या वाटचा मी पाळतंय."