आधी जेवणाचं टेबल

संध्याकाळचे साडेसात वाजले की घोन्साल्विस टीव्हीची पिन भिंतीतून उपटायचा. नुसतं बटण दाबून बंद करणं त्याला मान्यच नव्हतं. शारजाच्या मैदानावर सामना रंगात आलेला असो, सोफ्यावर चार पाहुणे बसलेले असोत, "खलास! माळेची वेळ झाली," असं म्हणून तो वायर गुंडाळून ठेवायचा. "डॅड, प्लीज, ओन्ली सिक्स ओव्हर्स!" त्याचा एकुलता एक मेल्विन ओरडायचा आणि मी मनातल्या मनात त्याला साथ द्यायचो. मग घोन्साल्विस, त्याची बायको फिलोमिना आणि मेल्विन जपमाळेच्या प्रार्थनेला बसायचे. पाहुण्यानं उठून जावं, नाहीतर गप्प बसावं. मी पुण्याचा कुलकर्णी, समोरच्या फ्लॅटमधला. बहुतेक वेळा बसूनच राहायचो, कारण प्रार्थनेनंतर जेवायचा आग्रह ठरलेला असायचा.

ही दुबईतल्या अल कुसैसमधली गोष्ट, नव्वदच्या दशकातली. घोन्साल्विस वसईचा, माझ्याच कंपनीत स्टोअर्स सांभाळायचा. दुबईत सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लोक शुक्रवारीच करायचे. दर शुक्रवारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून हा बायकोमुलाला "यल्ला, यल्ला" करत जिन्यावरून हाकलायचा. आमची झोपमोड व्हायची ती वेगळीच.

एकदा आमचा इंग्रज मॅनेजर सहज म्हणाला, की त्याच्या गावच्या चर्चमध्ये आता गालिच्यांचं दुकान निघालंय. आम्ही हसलो. घोन्साल्विस हसला नाही. त्यानं सरळ साहेबालाच विचारलं, "सर, युवर मदर व्हेअर? सन व्हेअर?" आई वृद्धाश्रमात होती. मुलगा पहिल्या बायकोकडे, उन्हाळ्यात पंधरा दिवस भेटायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना गाडीत मी त्याला झापायला लागलो, तर हा म्हणतो, "लोक उलटं सांगतात, कुलकर्णी. म्हणे देव सोडला म्हणून तिकडची घरं मोडली. नाय रे बाबा. आधी जेवणाचं टेबल रिकामं होतं, मग चर्चचा बाक."

मला हे पटायचं नाही. माणसं शिकली, विज्ञान आलं, भीती गेली, म्हणून देवही गेला, असं माझं सरळ गणित. त्यावर तो बोट रोखून विचारायचा, "तू गणपती कधीपासून बसवायला लागलास, सांग!" आता काय सांगणार? हॉस्टेलवर असताना आरतीच्या वेळी बाहेर सिगरेट ओढणारा मी, माझी मुलगी मुक्ता झाल्यावर दुबईत मखर शोधत फिरलो होतो. "बघ!" तो म्हणायचा. "मीपण मिस्सा चुकवून फुटबॉल खेळायचो. मेल्विन सातव्या महिन्यात झाला, काचेच्या पेटीत ठेवला होता. तेव्हा पहिल्यांदा मनापासून गुडघे टेकले. पोरगं बापाला देवाकडे नेतं. शादी नाय, बच्चा नाय, तर माणूस गुडघे टेकणार कशाला?"

"मग तुमचे चर्चमधले फादर? त्यांना कुठे बायकापोरं?" मी एकदा खोडी काढली.

"त्यांना आई होती ना!" तो एवढ्या जोरात ओरडला की फिलोमिना स्वयंपाकघरातून धावत आली.

मेल्विन बारावी झाला. फिलोमिनाचं म्हणणं, त्याला वसईला काकाकडे ठेवू, मुंबईच्या कॉलेजात घालू. घोन्साल्विसनं ऐकलं नाही. पोराला टोरांटोला प्रवेश मिळाला होता आणि बापाचे पाय जमिनीवर नव्हते. अख्ख्या इमारतीत त्यानं मिठाई वाटली. "चार वर्षं, इन्शाल्ला, मग परत."

मेल्विन परतला नाही. सहा वर्षांनी त्याला मुलगी झाली. मुलीच्या आईशी त्यानं लग्न केलं नव्हतं, हे घोन्साल्विसनं मला खाली मान घालून सांगितलं. पण नातीचा बाप्तिस्मा करायचाच, असं ठरवून दोघं नवराबायको टोरांटोला गेली.

तिथे पहिल्याच शुक्रवारी सकाळी हा सवयीनं तयार होऊन चर्चला गेला. दाराला कुलूप! वीस वर्षं शुक्रवारी देव भेटत आलेला. तिथे रविवारी भेटतो हे विसरूनच गेला होता. रविवारी पुन्हा गेला. आत अकरा माणसं, सगळी पिकलेली. नातीच्या बाप्तिस्म्याला मेल्विननं शांतपणे नकार दिला. "शी विल डिसाइड, डॅड."

परत आल्यावर तो घरात टिकेना. कामावरून आला की इमारतीभोवती फेऱ्या मारायचा. मी सोबत जायचो. एका संध्याकाळी तो मध्येच थांबला. "तिकडे मेल्विन रोज रात्री एकटाच उभ्यानं जेवायचा म्हणे, पहिली तीन वर्षं. मला फोनवर कधी बोलला नाय. साहेबाच्या घराची चौकशी करत होतो मी. माझं टेबल कोणी रिकामं केलं? मीच ना?" त्याला असं हरलेलं मला बघवेना.

महिन्याभरात त्यानं राजीनामा दिला. निवृत्तीसाठी वसईला बांधलेलं घर भाड्यानं दिलं आणि दोघं मेल्विनकडे कायमची निघाली. विमानतळावर मी विचारलं, "आणि बाप्तिस्मा?"

"तो विषय मी काढणार नाय. आजी-आजोबा घरात असले पाहिजेत, बाकी त्याच्या हातात," म्हणाला आणि वर बघितलं.

दोन वर्षं झाली. नातीचा बाप्तिस्मा झालेला नाही, घोन्साल्विस चर्चला अजून एकट्या फिलोमिनाबरोबरच जातो, हे फोनवर कळत असतं. परवा मुक्ताला मेलबर्नहून प्रवेशाचं पत्र आलं. "बाबा, साइन करा ना, व्हॉट्स द प्रॉब्लेम?" ती दोन दिवस मागे लागली होती. सही करून मी घोन्साल्विसला फोन लावला. वाटलं, चिडेल, लेक्चर देईल.

"पाठव," तो म्हणाला. "पण तिच्या मागोमाग जा, कुलकर्णी. मी सहा वर्षं उशिरा पोचलो."