अलास्काच्या उतारावर एक 'पुरेशी' रायफल

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सिएटलच्या विमानतळावर आमचा प्रवास चाळीस मिनिटे खोळंबला, कारण माझ्या मुलाच्या रायफलच्या पेटीची चावी माझ्या कमरेच्या पाकिटात होती. नियम मी तीनदा वाचलेला होता. बंदूक कडक पेटीत, पेटीला कुलूप, आणि चावी प्रवाशाच्याच ताब्यात. प्रवासी मीही होतो. तेव्हा यात नियमभंग कोणता झाला ते काउंटरवरच्या बाईंनी मला लेखी द्यावे, एवढीच माझी मागणी होती. मंदार मागून हलकेच म्हणाला, "बाबा, प्लीज. चावी द्या ना." मी चावी दिली; परंतु त्या बाईंच्या वरिष्ठांना लिहावयाच्या पत्राचा मसुदा अँकरेज येण्यापूर्वी विमानातच पुरा केला.

अमरावतीच्या न्यायालयात मी छत्तीस वर्षे वकिली केली. निवृत्तीनंतर अशील गेले आणि पत्रलेखन तेवढे उरले. नगरपालिका, वीज कार्यालय, बँक, वर्तमानपत्रे, कोणीही माझ्या पत्रांतून सुटलेले नाही. मंदार हा माझा एकुलता मुलगा, वय त्रेचाळीस, सिएटलजवळ बेलव्ह्यू येथे सॉफ्टवेअरच्या नोकरीत, आता अमेरिकेचा नागरिक. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यामुळे त्याला शिकारीचा नाद लागला आणि गेली सहा वर्षे तो दर शरदात हरणाच्या शिकारीस जातो. या जूनमध्ये मी त्याच्याकडे पोहोचलो तेव्हा त्याने विचारले, "ग्रिझलीसाठी अलास्काला चाललोय, बाबा. तुम्ही येता का? फक्त बघायला."

ग्रिझली म्हणजे तपकिरी, खांद्यावर वशिंड असलेले प्रचंड अस्वल. मला प्रथम संतापच आला. आपल्याकडे असे जनावर मारणाऱ्यास तुरुंग आहे. पण मी तेथील नियम काढून चार दिवस वाचले. अमेरिकेच्या खालच्या, मुख्य भूमीवरील राज्यांत ग्रिझलीच्या शिकारीस बंदी, अलास्कात ठरावीक हंगामात परवानगी, आणि बाहेरच्या माणसास परवानाधारक वाटाड्या सक्तीचा. सगळे कायदेशीर होते. तेवढ्यावर माझा विरोध संपला. तो तेवढ्यावर संपायला नको होता, असे आज वाटते.

वाद निघाला तो रायफलीवरून. मंदारजवळ थर्टी-ऑट-सिक्स या मध्यम काडतुसाची रायफल होती, सहा वर्षे हाताळलेली. वाटाड्याच्या सूचनापत्रात मात्र एवढेच लिहिले होते, की शिकाऱ्याने 'पुरेशी रायफल आणि काडतूस' आणावे. 'पुरेशी' या शब्दाची व्याख्या कोठेही दिलेली नव्हती. ज्या दस्तऐवजावर मुलाचा जीव अवलंबून आहे, त्यातील कळीचा शब्द असा मोकळा सोडलेला पाहून मी वाटाड्याला पत्र लिहिले: पुरेशी म्हणजे कोणती, किती वजनाच्या गोळीची, किती अंतरापर्यंत? त्याचे उत्तर एका ओळीचे आले. 'तुमचा मुलगा जिला घाबरत नाही, ती.'

हे उत्तर मला टाळाटाळीचे वाटले. मग मी स्वतःच त्या विषयात उतरलो. गोळ्यांची वजने, त्यांचा जोर, अस्वलाच्या खांद्याच्या हाडाची जाडी, सगळे टिपून काढले. हा वाटाड्या स्वतः थ्री-सेव्हंटी-फाइव्ह हे दांडगे काडतूस वापरतो, हे त्याच्याच माहितीपत्रकात सापडले, आणि मला पुरावा मिळाला. मी मंदारला नऊ परिच्छेदांचे पत्र लिहिले. आम्ही एकाच घरात राहत होतो, तरी छापून त्याच्या ताटाशेजारी ठेवले. जिवाचा प्रश्न असेल तेथे किमान नव्हे तर कमाल हाच निकष असावा, हा त्यातील मुख्य मुद्दा. मंदार एकदाच म्हणाला, "बाबा, मला या रायफलची सवय आहे. गोळी कुठे लागते ते जास्त मॅटर करतं." त्यावरही मी लेखी उत्तर दिले. आठ दिवसांनी त्याने थ्री-सेव्हंटी-फाइव्ह विकत आणली.

दर शनिवारी तो नेमबाजीच्या मैदानावर जाई आणि मी रेघेबाहेर उभा राहून पाही. पर्यटक व्हिसावरच्या माणसाने येथे बंदुकीस हात लावणे गुन्हा ठरू शकते, हे मी वाचले होते आणि काटेकोरपणे पाळले. त्या रायफलीचा धक्का कसा बसतो हे मला म्हणूनच कधी कळले नाही. मंदारचा खांदा निळा पडत असे. माझी सून रेवती त्यावर बर्फाची पिशवी धरून एकदा म्हणाली, "बाबा, त्याला ती गन आवडत नाहीये." मी म्हणालो, "प्रश्न आवडण्याचा नाही, सूनबाई. पुरेसेपणाचा आहे." पिशवी तिने जरा जोरात ओट्यावर आपटली.

अँकरेजहून एका लहान गावी, आणि तेथून पाण्यावर उतरणाऱ्या चिमुकल्या विमानाने पुढे. खाली रस्ता नाही, खांब नाही, शेत नाही. वाटोळी तळी, वेणीसारख्या पसरलेल्या राखाडी नद्या आणि टुंड्रा (झाडे न वाढणारी ओलसर, शेवाळी माळजमीन). सप्टेंबरात ती सारी कुंकवासारखी लाल होते. वैमानिकाने आम्हाला एका तळ्याच्या काठी उतरवले आणि तो निघून गेला. विमानाचा आवाज विरल्यावर जी शांतता उरली, तीत माझ्या श्वासाचा आवाज मला ऐकू येऊ लागला.

वाटाड्या डेल काठावर उभा होता. साठीचा, काटकुळा, चष्म्याच्या दांडीला चिकटपट्टी लावलेला. माझा हात हातात घेऊन तो म्हणाला, "या, काउन्सेलर (तिकडे वकिलाला असे संबोधतात). पत्रं मिळाली तुमची. हिवाळ्यात वाचायला राखून ठेवलीत." मंदार हसला. मी हसलो नाही. पण माणूस मला आवडला.

ज्या दिवशी विमानाने उतरलात त्या दिवशी शिकार करायची नाही, असा तेथे नियम आहे. वरून जनावर हेरून खाली उतरून मारणे हा अन्याय, हे त्यामागचे तत्त्व. मी त्या नियमाची तोंड भरून स्तुती केली. डेल म्हणाला, "बरं झालं. हा तरी वेळ हाताशी आहे." आणि त्याने मंदारला नवी रायफल काढायला सांगितली. प्रवासात रायफलीवरची नेमाची दुर्बीण हलली आहे का, ते पाहायचे होते.

शंभर यार्डांवर एक खोके ठेवले. मंदारने तीन गोळ्या झाडल्या. पहिली बरी, दुसरी खाली, तिसरी खाली आणि डावीकडे. डेलने रायफल मागून घेतली, पाठमोरा होऊन भरली आणि परत दिली. मंदारने नेम धरला, चाप ओढला. नुसता खट् आवाज झाला. डेलने काडतूस भरलेच नव्हते. पण धक्का बसणार या भयाने मंदारचे डोळे मिटले होते, खांदा मागे गेला होता आणि नळी वीतभर खाली झुकली होती. आम्हा तिघांनाही ते कळले.

डेल तंबूत गेला आणि एक जुनी, रंग उडालेली रायफल घेऊन आला. थर्टी-ऑट-सिक्स. "ही घे. हिच्यानं माझ्या बायकोनं दोन अस्वलं मारलीत. तुझ्या हाताला ओळखीची वाटेल."

मंदारने हात पुढे केला नाही. त्याने माझ्याकडे पाहिले.

त्या क्षणी मी मान डोलावली असती तर पुढचे काहीच घडले नसते. माझ्या डोक्यात मात्र माझे नऊ परिच्छेद होते आणि ते सगळे मला अजून खरे वाटत होते. मी मराठीत म्हणालो, "मंदार, जनावर पाचशे पौंडांचे आहे." एवढेच. तो डेलकडे वळून इंग्रजीत म्हणाला, की नको, मी याच रायफलीने मारेन, जमेल मला. डेलने एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले आणि ती जुनी रायफल आत नेऊन ठेवली.

पुढचे दोन दिवस उतारावर बसून दुर्बिणीतून पाहण्यात गेले. शिकार म्हणजे बहुतांशी बसणे, हे मला ठाऊक नव्हते. रेवतीने दिलेली थालीपिठे आणि लसणाची चटणी आम्ही तंबूपासून लांब, खडकावर बसून खात होतो. वासाने अस्वल येते म्हणून तंबूत अन्न आणू नये, असा डेलचा दंडक होता. चटणी त्याला फार आवडली. ही असताना बंदुका कशाला बाळगता, असे तो म्हणाला. मंदार त्या दोन दिवसांत माझ्याशी जितका बोलला, तितका दहा वर्षांत बोलला नव्हता. बेलव्ह्यूच्या ऑफिसात माणसे कशी अचानक कमी करतात, आई गेली तेव्हा वेळेवर पोहोचता न आल्याचे अजून कसे सलते, असे काहीबाही. मला वाटले, या सहलीचे सार्थक झाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या उतारावर अस्वल आले. मी ज्याला पत्रांत पाच ठिकाणी 'सदर जनावर' म्हटले होते, ते हेच. ते ब्ल्यूबेरीची झुडपे ओठांनी ओरबाडत चालले होते. पाठीवर वारा आला की त्याचे केस गव्हाच्या शेतासारखे लवत होते. मधेच ते खाली बसले आणि पुढचा पंजा चाटू लागले. आम्ही ओढ्याच्या खोलगटीतून सरकत दीडशे यार्डांवर गेलो. ते आडवे उभे राहीपर्यंत डेलने वाट पाहिली आणि तो कुजबुजला, "खांद्यामागे. घाई नाही."

आवाज झाला. अस्वल गर्रकन वळून स्वतःच्याच मागल्या बाजूस चावले. गोळी फार खाली, फार मागे लागली होती, पोटात. मंदारची दुसरी गोळी मातीत गेली. डेलने झाडली तोवर ते आल्डरच्या दाट झुडपांच्या जाळीत शिरले होते. आतून जो आवाज आला तो गुरगुरण्याचा नव्हता. तो मी येथे लिहू शकत नाही. प्रयत्न करून पाहिला आहे.

तासभर थांबून डेल जाळीत जायला निघाला. आम्ही थांबावे, असे त्याचे म्हणणे होते. मंदार म्हणाला, "माझं काम आहे ते," आणि त्याच्यामागे गेला. जखमी ग्रिझली मागे फिरून माणसावर येते, हे मीच सहाव्या परिच्छेदात लिहिले होते. तीन तास मी त्या लाल उतारावर एकटा बसून पाने हलताना पाहत होतो. छत्तीस वर्षांत इतका लांब युक्तिवाद मी कोणापुढे केला नसेल, आणि समोर ऐकणारे कोणीच नव्हते.

दोघे परत आले ते रिकाम्या हाताने. रक्ताचा माग ओढ्यापर्यंत होता. पलीकडे काही नाही. पुढचे दोन दिवस आम्ही शोधत राहिलो. मीही काठी टेकत दोन्ही काठ पालथे घातले, एकदा कमरेइतक्या पाण्यात पडलो. त्यातल्या दुसऱ्या संध्याकाळी डेलने करार काढला. रक्त सांडले की शिकार झाली असे धरावे, असे त्यातले एक कलम होते. निघण्यापूर्वी मी त्याविरुद्ध दोन पाने हरकत लिहिली होती. आता मी मुकाट्याने मान डोलावली. डेल नोंदीचा कागद भरू लागला तेव्हा मात्र मी म्हणालो, की रायफलीची निवड शिकाऱ्याच्या वडिलांनी केली, हे यात लिहा. त्याने कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "त्यासाठी इथे रकाना नाही, काउन्सेलर." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

बेलव्ह्यूला परतल्यावर मला राहवेना. मी डेलला आणि तेथील वन्यजीव खात्याला एक पत्र तयार केले: घडल्या प्रकाराची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे, माझ्या अज्ञ आग्रहामुळे नेमबाजाचा हात बिघडला, सबब त्याच्या पुढील परवान्यांवर परिणाम होऊ नये. बारा परिच्छेद झाले. शुक्रवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ते मंदारपुढे ठेवले. त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचले आणि घडी घातली.

"नाही, बाबा. हे जाणार नाही."

मी म्हणालो, आग्रह माझा होता, ही वस्तुस्थिती आहे.

"ट्रिगर मी ओढला. आणि त्या तळ्यावर डेल रायफल देत होता तेव्हा तुम्हाला नाही म्हणायला हवं होतं मी. तेही माझंच." त्याने पत्र आपल्या खिशात ठेवले. रेवतीने पोळी वाढली, आणि आम्ही जेवलो.

या मुलाने परक्या देशाच्या राज्यघटनेची शपथ घेतली, घर घेतले, संसार उभा केला. पण माझ्या एका वाक्यापुढे त्याचा हात कधी पुढे येत नसे, आणि याला मी इतकी वर्षे संस्कार म्हणत आलो. त्या संध्याकाळी त्याने मला पहिल्यांदा नाही म्हटले. मला राग आला नाही. तो शब्द दहा दिवस आधी आला असता, तर एक जनावर खांद्यामागे गोळी लागून जागच्या जागी निजले असते, किंवा अजून बेरी खात फिरले असते. आता ते त्या ओढ्यापलीकडे किती दिवस जगले, हे मला कोणीही कळवू शकणार नाही.