आईच्या पेशींना आवरणारं औषध

मित्रांनो, स्वाइन फ्लूमुळे आठवडाभर ऑक्सिजनवर असलेल्या आईची नळी आज दुपारी निघाली!

सोमवारी तिच्या इंजेक्शनच्या खोक्यातला कागद मी डिक्शनरी घेऊन वाचला होता. ‘प्रतिकारशक्ती दाबते’ हे कळल्यावर डॉक्टरांशी भांडलोच. ते म्हणाले, “अरे, विषाणू हटलाय, पण तिच्याच पेशी लढायच्या थांबत नाहीत. त्यानं फुप्फुसं सुजलीत. त्या पेशींना आवरायला हवं.”

आज हे आईला समजावलं. डहाणूच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवणारी बाई ती, हसायलाच लागली.

“म्हणजे तुझ्या बापासारखंच! कावळे उडाले तरी काठी फिरवत राहतो आणि वलांडीवर सुकत टांगलेले माझेच बोंबील पाडतो.”

एवढं लांब बोलणं, तेही एका दमात! रोज तिचा ताप टिपतो त्या वहीत आज फक्त तेच लिहिलंय. तुमच्याकडे अशी काठी कोण फिरवतं?