अण्णांचा टँकर आणि नवा डायनामो

चितेगावचं आमचं शेत कारखान्यासाठी गेलं, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाण्याचा जुना टँकर घेतला. ती दुष्काळाची वर्षं होती. पडेगावच्या बाजूला शहर वाढतच होतं. इमारती आधी उभ्या राहायच्या आणि नळ पुढे कधीतरी येतील असं सांगितलं जायचं. त्यामुळं टँकरला उसंत नव्हती. दोन उन्हाळे अण्णा खेपा करत राहिले आणि भर चैत्रात त्या टँकरच्या इंजिनाला तडा गेला.

त्याच सुमारास कारखान्यातल्या साहेबांचा निरोप आला, फाटकावर राखणदाराची जागा आहे, एक तारखेपर्यंत काय ते कळवा. त्यांच्या मते हा मोठाच उपकार होता. ज्या बांधावर बसून अण्णांनी जन्मभर भाकर खाल्ली, नेमकं तिथंच ते फाटक होतं. आता तिथं स्टुलावर बसून आल्यागेल्याला सलाम ठोकायचा. अण्णा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत, पण त्यांचं जेवण तुटलं. मला इतका राग आला की मी मनाशी पक्कं केलं, काहीही होवो, हा माणूस त्या स्टुलावर बसणार नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून चिकलठाण्यात नोकरीला होते. गाडीच्या वायरिंगमधलं मला कळतं असं माझं मत होतं. घरात बाकी कुणाचं नव्हतं. अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीचं इंजिन मिळालं, त्याच्या कॉम्प्युटरसकट. हाताच्या पंजाएवढा तो डबा. इंजिनाला डिझेल किती द्यायचं, कधी द्यायचं, सगळं तोच ठरवतो. अण्णा त्याला 'डबडं' म्हणायचे आणि नको असताना आलेल्या पाहुण्याकडं बघावं तसं त्याच्याकडं बघायचे.

गॅरेजच्या मिस्त्रींनी इंजिन बसवलं. बॅटरी भरणारा त्याचा स्वतःचा डायनामो अपघातात फुटला होता, म्हणून अण्णांनी आपल्या जुन्या इंजिनाचा चढवायला लावला. नुकतीच त्याची तार नव्यानं गुंडाळून आणलीय, वाया कशाला घालवायचा, असं त्यांचं म्हणणं. इंजिन सुरू झालं, मिस्त्रींनी पेढे वाटले. पण बॅटरीचा लाल दिवा काही विझेना, आणि भरलेला टँकर पडेगावच्या चढाला लागला की रखडायला लागायचा. पाय कितीही दाबा, इंजिनाला जोर यायचाच नाही.

कारण शोधायला मला वेळ लागला. जुना डायनामो आपल्या मनानं वीज बनवतो, त्याला कुणी विचारावं लागत नाही. नव्या इंजिनाचा कॉम्प्युटर मात्र एका बारीक वायरीतून डायनामोला सतत सांगत असतो, एवढी वीज दे, आता पुरे. आमच्या जुन्या डायनामोकडून त्याला उत्तरच येत नव्हतं. मग वीज नाही असं धरून त्यानं इंजिनाचा जोर आखडून घेतला होता. मिस्त्री म्हणाले, त्या वायरीत मधे एखादा बल्ब लावून फसवू त्याला. मी लावूनही बघितला. डबडं फसलं नाही.

मग जुने पार्ट मिळतात त्या गल्लीत माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. कामावरून सुटलं की सरळ तिथं. पहिला डायनामो आणला तो दिसायला हुबेहूब, बोल्ट बसले, पट्टा बसला, प्लगही बसला; दिवा तसाच. तो दुसऱ्या कॉम्प्युटरची भाषा बोलणारा निघाला. दुकानदार म्हणायचा, "आपा, सब एकच है." सगळे एकच नसतात हे मी त्याला रोज सांगायचे आणि रोज नव्यानं ढीग उपसायचे. आई म्हणायची, नखांतलं काळं बघून कोण करील तुला. ज्याला करायची असेल त्यानं आधी डायनामो शोधून आणावा, असं मी तिला सांगून टाकलं. अखेर ग्रीसखाली दडलेला एका डायनामोचा नंबर आमच्या कॉम्प्युटरच्या माहितीच्या कागदावरल्या नंबराशी जुळला. तो बसवला आणि लाल दिवा विझला.

बॅटरी मी घरच्या चार्जरवर पूर्ण भरली आणि एक तारखेला सकाळी अण्णांबरोबर पाणी भरायच्या विहिरीवर गेले. टँकरांची रांग होती. अण्णांच्या ओळखीचे सगळे ड्रायव्हर नवं इंजिन बघायला जमले. बॉनेट उघडलं गेलं. केबिनमधल्या व्होल्टच्या मीटरवर साडेबाराचा आकडा होता. चांगला डायनामो चौदा दाखवतो हे त्यांतल्या प्रत्येकाला पाठ. एकानं जाहीर केलं, डायनामो फेल हाय. दुसरा म्हणाला, वायर काढून बघा की.

आमच्याकडं डायनामोची हीच परीक्षा. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढायची. इंजिन चालू राहिलं तर डायनामो पास. जुन्या गाड्यांवर अण्णांनी हे किती वेळा केलं असेल. पण कॉम्प्युटरच्या इंजिनावर वायर काढली तर विजेचा असा झटका बसतो की डबा जागीच जळू शकतो. अण्णांना मी हे सांगितलं होतं, त्यांनी मानही हलवली होती. आणि आता ते पाना घेऊन बॅटरीवर वाकले होते.

मी त्यांचं मनगट धरलं. चार लोकांत मी बापाचा हात धरला होता.

"सोड पोरी," अण्णा म्हणाले. "चार्ज व्हईना. मला दिसतंय ना."

"बॅटरी भरलेली हाय म्हणून कॉम्प्युटर वीज मागंना, अण्णा. काम सांगा त्याला. लाइटी लावा, पंखा लावा, मग बघा. वायर काढली आन् डबडं गेलं, तर मला दुसरं मिळायचं नाय."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग त्या ड्रायव्हरांकडं. त्यांच्यातच त्यांचं उठणंबसणं होतं, आणि मी काल परवा हातात पाना धरलेली पोर. त्यांचं मनगट अजून ताठच होतं. मला भीती वाटली, खरंच वाटली. मग त्यांनी पाना खिशात घातला, केबिनमध्ये चढले आणि हेडलाइट, पंखा, वायपर, होतं नव्हतं ते सगळं चालू केलं.

क्षणभर आकडा हललाच नाही. कुणीतरी हसलं. मग तो तेरावर गेला आणि बघता बघता चौदाच्या पुढं जाऊन थांबला. अण्णांनी सगळं बंद केलं, आकडा खाली आला. पुन्हा लावलं, पुन्हा वर. लहान पोराच्या हाती बटण सापडावं तसे ते बराच वेळ तेच करत बसले, इतके की मागच्या टँकरवाल्यानं हॉर्न दिला.

भरलेला टँकर पडेगावचा चढ न रखडता चढला. मी शेजारी बसून रडत होते आणि अण्णा मुद्दाम समोर बघत होते. वर इमारतीपाशी बायका हंडे घेऊन उभ्याच होत्या. पाइपनं पाणी सोडून झाल्यावर अण्णा म्हणाले, कारखान्याच्या साहेबाला फोन लाव. मी लावला. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"साहेब, दुसरा माणूस बघा," ते म्हणाले. "मला खेपा हायेत."