फळीवर न आलेला रोहू

दुधरामकाका मासा आधी चाचपत, मग बघत. पोटावरून अंगठा एकदा फिरला की मादी आहे का, अंडी किती भरली, हे ते सांगत.

इटियाडोह जलाशयाच्या घाटावर त्यांची ओळख झाली, तेव्हा आम्ही सर्वेक्षणवाले नदीच्या रोहूवर, म्हणजे बीज न सोडता आपोआप वाढणाऱ्या माशावर, मासेमारीचा ताण किती ते तपासत होतो. विक्रीला आलेला प्रत्येक रोहू मोजपट्टीच्या फळीवर ठेवून मी लांबी लिहीत असे. दोन वितींपेक्षा मोठा एकही येईना. मोठे रोहू संपले, असे लिहायला घेतले. तसे ठरले असते तर पावसाळाभर नदी जलाशयात शिरते त्या मुखाशी जाळी बंद, आणि ढिवरांचे, तिथल्या मासेमारांचे, हातपाय बांधलेले. काका फळीजवळ येऊन बसले.

“काऊन जी, मोठे नाही म्हनून लिहून राहिले का?”

मी वही दाखवली.

“मोठा रोहू इथं कायले येईन? तो घरी जाते.”

हातभर रोहू मिळाला तर विकायचा नाही, कापून मोहल्ल्यात हिस्से वाटायचे, ही तिथली रीत. आधी का नाही सांगितले, असे विचारले. विकलेलेच मोजतो असे तुम्हीच म्हणाला होता, हे त्यांचे उत्तर.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरोघर फिरलो. “बुढा आता चुलीवरच्या गंजातही पट्टी टाकते,” त्यांची बायको जनाबाई म्हणाली. फळी अपुरी पडू लागली. काका प्रत्येक लांबी ओरडून सांगत, पोरीबाळी मागे धावत. आठव्या दिवशी त्यांनी ओरडणे थांबवले. कापायला घेतलेला जवळजवळ प्रत्येक मोठा रोहू अंड्यांनी भरलेली मादी होता. अंडी घालण्याआधीच माद्या कापल्या जात होत्या; ताण आम्ही समजलो त्याहून जास्त होता.

मासेमारांच्या सोसायटीच्या बैठकीत हे त्यांनीच सांगितले. सगळ्यांत जास्त हिस्से तुम्हीच खाल्ले, असा टोमणा आला.

“म्हनूनच सांगून राहिलो.”

मुखाशी जाळी बंद ठेवण्याचा ठराव झाला नाही. दुसऱ्या सकाळी मुखाशी काकांच्या जाळ्यात हंगामातला सर्वांत मोठा रोहू आला. बाकीच्यांचे डोंगे वल्हवत भोवती जमले. फळीबाहेर चार बोटे. कोणीतरी हिस्से मोजू लागला. काकांनी पोटावरून अंगठा फिरवला आणि मासा दोन्ही हातांनी पाण्यात सोडला.

“हिचा हिस्सा पान्यातच राहू द्या.”

 दुपारपर्यंत मुखाशी एकही जाळे उरले नव्हते.